झाड आज सुकतंय, चूक लावतानाच झाली होती: बागेतल्या या चुका टाळा

लावून चार वर्षं झालेलं आमचं लिंबू एका वादळी रात्रीनंतर सकाळी तिरकं उभं होतं. वारा फार नव्हता. शेजारची त्याहून नाजूक रोपं जागच्या जागी होती. बुंधा धरून हलवला, तर तो सैल दातासारखा डुलला. उकरून पाहिलं. मुळं अजूनही नर्सरीच्या पिशवीच्याच आकारात गोल गोल फिरत होती. पिशवी मी काढली होती, ते पक्कं आठवतंय. मुळांनी मात्र ती सोडलीच नव्हती.

बागेतल्या चुकांची गोम हीच आहे. पाणी कमी पडलं तर पान संध्याकाळपर्यंत सांगतं. बाकीच्या बऱ्याच चुका वर्षानुवर्षं गप्प बसतात. लक्षण दिसेपर्यंत आपण मूळ कारण विसरलेलो असतो आणि दोष मुळाशी असताना पानांवर फवारे मारत बसतो. म्हणून औषधाची बाटली उचलण्याआधी खुरपं घ्या आणि बुंध्यापाशी चार बोटं माती उकरून बघा.

लावतानाच्या चुका

सगळ्यात जास्त झाडं खोल लावल्याने जातात, असं माझं मत झालंय. बुंधा जमिनीत शिरताना खाली जरा पसरट होतो आणि तिथून मुळं फुटतात. हा पसरट भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळसोट मातीत घुसलेला दिसत असेल, तर झाड खोल गेलंय. मातीखाली सतत ओली राहणारी साल कुजते, आणि वरची मुळं हवेसाठी वर येऊन बुंध्यालाच वेढा घालतात. बुंधा जाडावतो तसा तो वेढा फास होतो. कलमी झाड असेल, तर कलमाचा सांधाही जमिनीच्या वरच हवा. सांध्याखालून फुटवे येत असतील, तर ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे आहेत. कोवळे असतानाच काढा, नाहीतर काही वर्षांनी तुमच्याकडे खुंटाचंच झाड उरेल.

खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल घ्या, रुंदीला मात्र दुप्पट-तिप्पट. खाली भुसभुशीत माती भरून वर रोप ठेवलं, तर माती बसते आणि रोप आपोआप खोल जातं. खड्ड्यात नुसतं खत आणि विकतची मऊ माती भरायचा मोहही आवरा. भोवतालची जमीन चिकण असेल, तर तो खड्डा पाणी साठवणारी बादली होतो, आणि मुळांना त्या गादीतून बाहेर पडायची गरज वाटत नाही. जी माती काढली तीच परत घाला, खत वरून द्या.

आणि माझी चूक करू नका. पिशवीतून काढलेल्या गोळ्यावर गोल फिरलेली मुळं दिसली, तर बोटांनी मोकळी करा. बोटांना दाद देत नसतील, तर धारदार चाकूने बाजूंना तीन-चार उभे छेद द्या. हात कचरतो, कबूल. पण छेद दिलेलं मूळ बाहेरच्या दिशेने नव्याने फुटतं. गोल वळलेलं मूळ आपसूक सरळ होत नाही.

आधाराची काठी लावली तर सुतळी सैल बांधा आणि वर्षाच्या आत सोडा. वाऱ्यावर हललेला बुंधाच जाड होतो. विसरलेली सुतळी सालीत रुतलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता दुसऱ्याच्या बागेत गेलो तरी आधी तिथेच नजर जाते.

पाणी, कुंडी आणि आच्छादन

पान मलूल झालं की पाणी घालायचं, हा हिशेब अर्धाच खरा. जास्त पाण्यानेही पान असंच मलूल होतं, कारण मातीतली हवा जाऊन मुळं गुदमरतात आणि पाण्यात उभं असूनही झाड तहानलेलं राहतं. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली, तर झारी खाली ठेवा.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देऊन निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे चिखलाचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोक बुजू नये म्हणून एखादी खापरी पुरे.

वाळक्या पानांचं आच्छादन ५ ते ८ सेंटीमीटर जाड ठेवा, पण बुंध्यापासून वीतभर लांब. बुंध्याभोवती पानांचा ढीग रचणं म्हणजे खोल लावण्याचीच चूक मागच्या दाराने आणणं.

छाटणी आणि अवजारं

फांदी बुंध्याला लागून सपाट कापू नका आणि खुंटीही ठेवू नका. फांदी जिथून निघते तिथे सालीची फुगीर कडी असते. तिच्या लगेच बाहेर काप घ्या. जखम बंद करणारी ऊती तिथेच तयार होते. कापावर रंग किंवा डांबर फासायची पद्धत जुनी आहे. अमेरिकन वनवैज्ञानिक अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवलं की झाड कुजलेल्या भागाभोवती आतून स्वतःच भिंती घालतं, आणि लेप कूज थांबवत नाही. जाड फांदी असेल तर आधी बुंध्यापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूने खाच घ्या, मग वरून कापा, उरलेली खुंटी शेवटी काढा. नाहीतर फांदी पडताना सालीची लांब पट्टी सोलून नेते.

सिकेटरचं, म्हणजे छाटणीच्या कात्रीचं, पातं राहणाऱ्या भागाकडे आणि बोथट चोच जाणाऱ्या भागाकडे धरा; चोचीने चेंगरलेला भाग कापून जातो. धार फक्त तिरप्या बाजूलाच लावायची. सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट राहते आणि फांदी कापली न जाता चघळली जाते. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना पातं स्पिरिटने पुसा.

लाकडी दांड्यांना जवसाचं तेल लावत असाल, तर तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं, आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

पाहुण्यांच्या बाबतीत

मावा दिसला की लगेच विषारी फवारा मारणं ही पुढच्या महिन्यातल्या मोठ्या माव्याची तयारी असते, कारण त्यात त्याला खाणारेही मरतात आणि मावा त्यांच्या आधी परततो. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, छोट्या मगरीसारखी अळी माव्यात फिरताना दिसली तर हात आवरा. ते मावा खाणाऱ्या ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे. फांदीवर मुंग्यांची रांग असेल, तर आधी ती रांग तोडा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. मग पाण्याची जोरदार धार पुरते.

फळं वाचवायला लावलेली सैल, मोठ्या भोकांची जाळी पक्षी आणि साप यांच्यासाठी फास ठरते. बोट आत जाणार नाही इतकी बारीक जाळी घ्या आणि ती ताणून बांधा. कुंडीत घरटं झालं, तर ती हलवू नका. लहान पक्ष्यांचा मुक्काम साधारण महिनाभराचा असतो. पाणी कडेने, हळू घाला. जमिनीवर पिसं आलेलं, टुणटुण उडणारं पिल्लू दिसलं, तर मांजराला आत घ्या आणि पिल्लाला तिथेच राहू द्या. आईबाप जवळपासच असतात. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून भांडं घासा, नाहीतर त्यात डास वाढतील.

त्या कलंडलेल्या लिंबाच्या जागी मी दुसरं लावलं, या वेळी मुळांना छेद देऊन. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसले. जवळ जाऊन काडीने हळूच स्पर्श केला, तर एका ठिपक्याने डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सोडला. फुलपाखराच्या अळ्या. दोनच आहेत. रोप कमरेपर्यंत आलंय, दोघींचं जेवण त्याला परवडतं.