येऊरचा उतार धरण्याआधी गुडघ्याची ठेवण अशी तपासा

ठाण्यात पावसाळा लागला की उपवनवरून येऊरचा डोंगर पळत चढणाऱ्यांची गर्दी होते आणि थोड्याच आठवड्यांत त्यातले काही जण माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर येऊन बसतात. प्रश्न ठरलेला: "मॅडम, पळून पळून गादी झिजली का?" मी पळण्याचं नंतर विचारते, आधी पँट गुडघ्याच्या वर घ्यायला सांगते. त्याच रस्त्यावर तेवढंच पळून एकाचा गुडघा कुरकुरतो, दुसऱ्याचा नाही. यामागे बरेचदा हाडांची ठेवण असते, आणि ती तुम्ही घरीही पाहू शकता.

आरशासमोर अनवाणी उभे राहा, घोटे जुळवा. गुडघ्यांमध्ये मोठी फट राहिली तर पाय फेंगडे आहेत. भार आतल्या बाजूच्या कूर्चेवर, म्हणजे त्या गादीवर, जास्त येतो. गुडघे टेकले पण घोटे जुळेनात, तर भार बाहेरच्या बाजूला जातो. थोडाफार फरक सोडून द्या. एकच पाय वेगळा दिसत असेल किंवा वाक वाढत चालला असेल, तर मात्र दाखवा.

तरुण मुलामुलींमध्ये माझा पहिला संशय गुडघ्याच्या वाटीवर. मांडीच्या हाडाला पुढून खोबण असते, गुडघा वाकवला की वाटी तिच्यातून सरकते. काहींची ही खोबण जन्मतःच ताटलीसारखी उथळ असते. उंच स्टुलावर पाय लोंबते सोडून बसा, पाय सावकाश सरळ करा आणि घरातल्या कुणाला समोरून मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. पाय सरळ होता होता वाटी झटकन बाहेर सरकली, तर खोबण उथळ असू शकते, हे लक्षात ठेवा. काहींची वाटी मुळातच वर असते, त्यामुळे खोबणीत उशिरा शिरते. हे नजरेनं ठरत नाही. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत वाटीला नडगीशी जोडणाऱ्या बंधाच्या लांबीला वाटीच्या लांबीनं भागतात, उत्तर १.२ च्या वर आलं तर वाटी वर आहे असं धरतात. एमआरआयवर खोबणीचा तळ आणि नडगीवरचा उंचवटा यांतलं आडवं अंतर मोजतात. ते २० मिलिमीटरच्या पुढे गेलं, की वाटीला बाहेर ओढ आहे.

अंगठा वाकवून मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात का, तेही बघा. असं सैल अंग नाचाला छान, कबड्डीत घात करतं. पकडीतून सुटताना वाटी निसटते, आपोआप बसते, आणि घरचे लेप लावून मोकळे होतात. तसं करू नका. निसटताना कूर्चेचा टवका उडू शकतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात म्हणून ती नीट भरून येत नाही, आणि तिच्यात संवेदनेच्या नसाही नसतात, म्हणून दुखणं कमी याचा अर्थ इजा कमी असा होत नाही.

शेवटची तपासणी जिन्यात. एका पायावर पायरीवर उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच हळूच खाली टेकवा. पायरीवरच्या पायाचा गुडघा आत कोसळतो का? आरशात सरळ दिसलेला पाय इथे कोसळला, तर दोष बहुधा हाडाचा नाही, कुल्ह्याच्या आणि मांडीच्या कमजोर स्नायूंचा आहे. व्यायामानं सुधारतं ते हेच. उथळ खोबण कुठल्याही व्यायामानं खोल होत नाही, इंटरनेटवरचे व्हिडिओ काहीही सांगोत.

वाटीची तक्रार असेल तर येऊर चढा खुशाल, उतरताना मात्र चाला. सपाटीवर पावलं आखूड ठेवा. खोल बैठका काही काळ बंद. त्याऐवजी कुशीवर झोपून पाय उचलणं, आणि भिंतीला टेकून दुखणार नाही इतपतच खाली जाणं.

मार लागल्यावर काही तासांतच गुडघा टम्म फुगला, अडकला किंवा वाटी निसटली, तर लगेच ऑर्थोपेडिककडे जा. एरवी नुसत्या उत्सुकतेपोटी एमआरआय काढू नका. पायाचा वाक बघायचा असेल तर एक्स-रे उभं राहूनच काढायला सांगा. झोपवून काढलेल्यात पायावर वजन नसतं, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं.