मटेरियल लॅबमध्ये संशोधनाची सुरुवात कशी करावी

सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947 पासून आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून अभियंते घडवत आहेत. तरीही अनेक विद्यार्थी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये केवळ प्रॅक्टिकलपुरतेच जातात. संशोधन करायचे असेल, तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची वाट न पाहता दुसऱ्या वर्षीच प्राध्यापकांना भेटावे. त्या वेळी "काहीतरी काम द्या" असे न म्हणता चाचणी करून उत्तर काढता येईल असा एखादा नेमका प्रश्न सोबत न्यावा.

असे प्रश्न आपल्या भागात भरपूर आहेत. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचे चिपाड जळते व त्याची सिलिकायुक्त राख उरते. ती काँक्रीटमधील सिमेंटच्या जागी 10 आणि 20 टक्के वापरली, तर ताकद किती बदलते, हा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारा प्रश्न आहे. मात्र हिशेब आधी मांडावा. राख नसलेले एक मिश्रण धरून तीन मिश्रणे, 7 व 28 दिवसांच्या चाचण्या आणि प्रत्येक वेळी तीन क्यूब (काँक्रीटचे घनाकृती ठोकळे), म्हणजे 150 मिलिमीटरचे 18 क्यूब होतात. एक क्यूब सुमारे 8 किलोचा असल्याने जवळजवळ दीडशे किलो काँक्रीट कालवावे लागते, आणि 28 दिवस कोणासाठीही कमी होत नाहीत. म्हणून परीक्षेच्या तारखा पाहूनच क्यूब भरावेत. राख दळून, चाळून घ्यावी, कारण तिच्यात न जळलेला कार्बन राहिला तर मिश्रणाला पाणी जास्त लागते. तीनपैकी एखाद्या क्यूबची ताकद सरासरीपासून 15 टक्क्यांहून अधिक ढळली, तर तो आकडा गुपचूप वगळू नये. कारण शोधावे व चाचणी पुन्हा घ्यावी.

धातूकडे ओढा असलेल्यांनी फाउंड्रीतून बिडाचा तुकडा रीतसर परवानगीने मागावा. एमरी पेपरवर जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत तो घासताना प्रत्येक पेपरला दिशा काटकोनात बदलावी आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नये. पॉलिश झाल्यावर प्रथम तसाच मायक्रोस्कोपखाली पाहावा, म्हणजे ग्रॅफाइट स्पष्ट दिसते. त्यानंतरच नायटल (नायट्रिक आम्ल व अल्कोहोलचे द्रावण) लावावे. हे काम लॅब असिस्टंटकडून शिकावे. त्यांच्या हाताला जे माहीत असते, ते मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

प्रत्येक दिवसाची नोंद तारखेसह पक्क्या बांधणीच्या वहीत करावी. भारतीय विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्जासोबत छोटे टिपण द्यावे लागते, आणि ते लिहायला बसल्यावर हीच वही उपयोगी पडते.