संयुजा इलेक्ट्रॉन: मोजणीत आणि अर्थ लावताना या चुका टाळा

संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे अणूच्या बाहेरच्या कवचातले, बंधात भाग घेणारे इलेक्ट्रॉन. पहिली चूक संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन हे, मांडतानाच होते. कॅल्शियमचा अणुअंक 20. एम (तिसऱ्या) कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात हे पाठ असते, म्हणून 2, 8, 10 असे लिहिले जाते. पण 4-एस उपकवचाची (चौथ्या कवचातल्या एका भागाची) ऊर्जा इथे 3-डीपेक्षा (तिसऱ्या कवचातल्या एका भागापेक्षा) कमी असते, त्यामुळे एममध्ये 8 झाले की पुढचे दोन एन (चौथ्या) कवचात जातात: 2, 8, 8, 2. स्कँडियमपासून (अणुअंक 21) मात्र 3-डी भरू लागते. लोहाचे संरूपण 2, 8, 14, 2 आहे. त्याची संयुजा (अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो ती संख्या) 2 तशी 3ही असते, कारण तिसरा इलेक्ट्रॉन आतल्या 3-डीमधून जातो. तिथे ‘फक्त शेवटचे कवच बघा’ हा नियम पुरत नाही.

संयुजा आणि संयुजा इलेक्ट्रॉन यांची गल्लतही नेहमीची. ऑक्सिजनचे संयुजा इलेक्ट्रॉन 6, संयुजा 2. आणि हेलियमचे बाहेरचे इलेक्ट्रॉन 2 असले तरी तो मॅग्नेशियमचा भाऊबंद नव्हे. हेलियमचे के (पहिले) कवच दोनातच भरते.

आता खरी अडचण. पोटॅशियम 2, 8, 8, 1. तांबे 2, 8, 18, 1. दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तोही त्याच चौथ्या कवचात. तरी पोटॅशियम केरोसीनमध्ये बुडवून ठेवावे लागते आणि तांब्याच्या हंड्यात आपण रात्रभर पाणी भरून ठेवतो. फरक केंद्रकाच्या ओढीचा आहे. तांब्यात 10 प्रोटॉन जास्त, आणि त्यांच्यासोबत आलेले 10 डी-इलेक्ट्रॉन आडोसा देण्यात कच्चे. त्यामुळे बाहेरचा इलेक्ट्रॉन घट्ट ओढला जातो. तो काढायला पोटॅशियमला 419 किलोज्यूल प्रति मोल पुरतात, तांब्याला 745 लागतात. म्हणून संख्या मोजून थांबू नका. इलेक्ट्रॉन किती दूर आहे आणि मध्ये आडोसा किती, हेही पाहा. सोडियमपेक्षा (496) पोटॅशियम पाण्याशी अधिक जोरात का भिडते, हेही त्यातच आले.

‘सोडियमला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचाच असतो’ हे वाक्य शिकवायला सोयीचे, पण हिशेबात बसत नाही. सोडियमचा सुटा अणू 496 किलोज्यूल मागतो, क्लोरीनचा अणू तो इलेक्ट्रॉन घेताना 349 परत देतो. म्हणजे 147 ची तूट. ती भरून निघते आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने विद्युतभारित झालेले अणू) स्फटिकात एकमेकांना चिकटतात तेव्हा. त्यातून सुमारे 787 मिळतात. नुसते अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण झाल्याने मीठ तयार होत नाही.

शेवटची गल्लत अणू आणि रेणू यांची. नायट्रोजन आणि फॉस्फरस, दोघांचे संयुजा इलेक्ट्रॉन 5. हवेतला नायट्रोजन सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही तो अणू स्थिर आहे म्हणून नव्हे. सुटा नायट्रोजन अणू चांगलाच क्रियाशील असतो. रेणूतला तिहेरी बंध तोडायला 945 किलोज्यूल प्रति मोल लागतात, म्हणून. पांढऱ्या फॉस्फरसच्या रेणूत चार अणू एकेरी बंधांनी 60 अंशांच्या ताणलेल्या कोनांत अडकलेले असतात. तो हवेत सुमारे 30 अंश सेल्सियसलाच पेट घेतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात.