दुसऱ्या भाषेतली कथा ऑनलाइन गटात शिकवण्याआधी

माइक, इंटरनेट, लिंक तुम्ही तपासालच. कथा निवडताना मात्र लांबीपेक्षा शब्द बघा. कथा आधाराशिवाय नीट कळायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात, असं हू आणि नेशन या भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं. अनोळखी शब्द जास्त असतील तर बाजूला अर्थ द्या, पण फक्त अर्थ. कथेचं तात्पर्य तिथे घुसडू नका. मजकूर शेअर करण्याआधी कॉपीराइट बघा: लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षं, युरोपीय संघात ७०. क्रमांक वाक्यांना द्या, ओळींना नको. मोबाइलवर ओळ भलतीकडे तुटते आणि ‘बारावी ओळ’ प्रत्येकाची वेगळी निघते.

आता मुख्य गोष्ट, मागच्या वेळच्या वर्गात राहून गेलेली. सामायिक पान, म्हणजे सगळे एकत्र लिहितात ते ऑनलाइन पान, उघडण्याआधी प्रत्येकाने आपलं म्हणणं एकट्याने लिहिलेलं हवं. एकट्याने, दुसऱ्याचं न बघता. नाहीतर भाषा बरी येणारी मुलगी कथेतल्या आईबद्दल लगेच ‘आई चुकली’ असं लिहिते आणि खाली सगळे तेच लिहितात. मागच्या वेळी एकाचा कर्सर ‘पण आईला’ इथपर्यंत येत होता, शब्द पुसले जात होते, शेवटी त्यानेही ‘आई चुकली’च लिहिलं. त्याचं वेगळं मत होतं, ते गेलंच. परक्या भाषेत विचार आणि वाक्य एकदमच जुळवायचं असतं. समोर तयार वाक्य दिसलं की तेच उचललं जातं. म्हणून खासगी फॉर्म, दहा मिनिटं, तुटक चालेल, मातृभाषेतही चालेल. सगळ्यांचं आल्याशिवाय पान उघडू नका. वेळ कमी पडतोय? तुमची प्रस्तावना कापा, ही दहा मिनिटं नाही.

गट तिघाचौघांचे. एकाने प्रश्न काढायचे, एकाने अडलेले शब्द, एकाने मताला आधार देणारं वाक्य क्रमांकासह शोधायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही, बाजूला कमेंट करायची. चर्चा चालू असताना तुम्हीही व्याकरण सुधारू नका, लिहिणारे हात आखडतात.

परदेशातला वर्ग सोबत असेल तर घड्याळ पुन्हा तपासा, काही देशांत ते वर्षातून दोनदा तासभर सरकतं. गुणांसाठी युरोप परिषदेच्या भाषाचौकटीची (CEFR, भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणारी) २०२० ची पुरवणी बघा, साहित्याला वैयक्तिक प्रतिसाद आणि समीक्षा यांच्या वेगळ्या श्रेणी त्यात आहेत. रेकॉर्डिंगची परवानगी, मजकुराची प्रत, झालं.

आणि तो फॉर्म विद्यार्थ्याच्या खात्यातून उघडून बघा. त्यात इतरांची उत्तरं दिसत असतील तर आधी ते बंद करा.