आधी उठायला शिका, व्यायाम नंतर

वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत मी बरीच वर्षं काढली. शेवटचं पान सोडून डेस्क आवरेपर्यंत दोन वाजायचे. पुढे दिवसपाळी मिळाली, तरी माझी झोप काही नव्या पाळीवर रुजू झाली नाही. हल्ली मी साडेपाचला उठते आणि सहाला व्यायामाला लागते. ओळखीतले लोक याचं श्रेय माझ्या निश्चयाला देतात. निश्चय वगैरे ठीक आहे, पण पहाटेच्या अर्धवट झोपेत तो कुणालाच सापडत नाही. त्याच्यावाचून चालेल अशी व्यवस्था लावावी लागते.

लवकर उठणं आणि व्यायाम करणं या दोन वेगळ्या सवयी आहेत. दोन्ही एकाच सोमवारी सुरू करायच्या नाहीत. नेहमी आठला उठणारा माणूस एकदम पाचचा गजर लावतो, त्याच दिवशी धावायलाही जातो, आणि आठवडा संपायच्या आत पाय धरलेले असतात नि झोपेचं खोबरं झालेलं असतं. त्यानंतर पहाट म्हटली की अंगावर काटाच येतो. तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे फक्त उठा. बूट कपाटातच राहू द्यात.

उठायची वेळ उलटीकडून मोजा. प्रौढ माणसाला रात्रीची किमान 7 तास झोप हवी. नोकरी, घरकाम, मुलं हे सगळं धरून तुम्ही खरोखर किती वाजता आडवे होऊ शकता? अकरा वाजत असतील तर सहाच्या आधीचा गजर विसरा. पहाटे चारला उठणाऱ्या यशस्वी लोकांच्या गोष्टींमधून ते रात्री नऊला झोपतात हे वाक्य बहुधा संपादनात उडालेलं असतं. शिवाय सगळ्यांची घडण सारखी नसते. कुणी उपजत पहाटेचा, कुणी रात्रीचा. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि वयाचाही. किशोरवयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं आणि विशीनंतर हळूहळू माघारी येतं, म्हणून घरातल्या सोळा वर्षांच्या पोराला आळशी ठरवू नका. रात्रीच्या घडणीच्या माणसाने साडेसहा गाठले तरी पुष्कळ झालं. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांनी तर पहाटेचा हट्टच धरू नये. उठल्यावर जो पहिला मोकळा तास मिळेल तोच त्यांचा व्यायामाचा.

आता घड्याळाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी मेख तिथेच आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. झोप, तापमान, संप्रेरकं या सगळ्यांचं वेळापत्रक तो लावतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 साली नोबेल मिळालं. माणसाच्या या घड्याळाचा फेरा सरासरी 24 तासांहून काही मिनिटं मोठा असतो. बाहेरून कुणी जुळवलं नाही तर ते रोज थोडं मागे पडतं. म्हणून तर जागरण आपोआप जमतं आणि लवकर उठणं जमवावं लागतं. ते जुळवण्याचं मुख्य काम करतो सकाळी डोळ्यांवर पडणारा उजेड.

उजेड लक्स या एककात मोजतात. घरातल्या दिव्यांखाली तो साधारण 100 ते 500 लक्स भरतो. बाहेर दिवस वर आल्यावर ढगाळ हवेतही काही हजार लक्स असतात आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. आपल्या नजरेला हा फरक एवढा मोठा वाटत नाही, घड्याळाला मात्र तो पुरेपूर कळतो. म्हणून उजाडल्यावर वीस-तीस मिनिटं उघड्यावर काढा. गच्ची, अंगण, रस्ता, काहीही चालेल. सूर्याकडे थेट बघायचं नाही. काचेच्या आड बसून तेवढं काम होत नाही. उठता तेव्हा बाहेर अंधार असेल तर घरातले दिवे लावून ठेवा आणि फटफटलं की बाहेर पडा.

यात एक खाच आहे, आणि पहाटेचा ध्यास घेतलेले बरेच जण तिथेच अडखळतात. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्यानंतरचा उजेड झोपेची वेळ लवकरच्या बाजूला आणतो. त्याआधीचा उजेड ती उशिराच्या बाजूला ढकलतो. आठला उठणारा माणूस साडेचारलाच उठून लख्ख दिव्याखाली बसला, तर त्याचं घड्याळ तो उजेड आदल्या संध्याकाळच्या खात्यात जमा करतं. त्या रात्री झोप आणखीच उशिरा. म्हणून गजर दर तीन-चार दिवसांनी फक्त 15 मिनिटं अलीकडे आणा. नऊवरून साडेसहावर यायला महिना-सव्वा महिना लागेल. लागू द्या.

झोपायची वेळ मात्र बळेच अलीकडे ओढू नका. रोज ज्या वेळी डोळा लागतो, त्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत शरीर झोपेला सगळ्यात जास्त विरोध करतं. एकला झोपणारा दहाला आडवा झाला तर कुशी बदलत छत मोजत बसेल. उठायची वेळ आवळत गेलात की झोप आपोआप लवकर येऊ लागते. पेंग आली की आडवं व्हायचं, एवढंच तुमचं काम.

तिच्या वाटेत अडथळे मात्र ठेवायचे नाहीत. झोपेच्या साधारण दोन तास आधी शरीरात मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक, वाढायला लागतं आणि प्रखर उजेडाने ते दबतं. त्या दोन तासांत डोक्यावरची ट्यूब बंद आणि कोपऱ्यातला मंद पिवळा दिवा चालू. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, आणि गजराला साधं घड्याळ, तेही हाताच्या टप्प्याबाहेर. मोबाइलच्या उजेडापेक्षा त्यातला मजकूर माणसाला जास्त जागवतो, हे बातम्यांच्या धंद्यातली बाई म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकते. कॅफिनचं म्हणाल, तर दुपारी चारला घेतलेल्यातलं जवळपास निम्मं रात्री नऊलाही अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

गजर झाल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू गुंगीतच असतो. त्या अवस्थेत 'उठू की पाच मिनिटं पडू' हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही. पाय जमिनीवर, दिवा, तोंडावर पाणी, दार. आणि सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. शनिवार-रविवारी तीन तास जास्त झोपलात तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

गजर होताच फारशी ओढाताण न करता उठता यायला लागलं की बूट बाहेर काढा. सुरुवात दहा मिनिटांची, आणि दहाच. जमतंय म्हणून तिसऱ्या दिवशी तासभर करायचा मोह होतो, तो आवरा. कपडे आदल्या रात्री खुर्चीवर काढून ठेवा आणि व्यायाम रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका: दात घासून झाले की बूट चढवायचे. वेळेपेक्षा अशी खूण जास्त टिकते.

सकाळी काय करायचं यावर माझं मत जरा कडक आहे. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा वेळी उठल्या उठल्या कमरेतून खोल वाकणं, पोटाचे झटक्याचे व्यायाम आणि जड वजन उचलणं म्हणजे पाठदुखीला आमंत्रण. निदान अर्धा तास ते टाळा. आधी चाला. पाच-सात मिनिटांनी अंग तापलं की खुर्चीचा आधार घेऊन उठाबशा, भिंतीवर हात टेकून जोर, टाचा उचलणं. मग पुन्हा चालणं. जोर किती लावायचा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. हृदयविकार असेल, रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर वेळ आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा.

दहा मिनिटं अंगवळणी पडली की आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत न्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सुचवले आहेत. पाच दिवस अर्धा तास धरला की पहिला आकडा गाठला.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर हे तपासलं. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. माणसागणिक हा काळ 18 ते 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी फार तर तासभर उशिरा उठा, उजेडात जा, त्या दिवशी नुसतं चाला. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घेतलीत तरी चालेल. चुकलेल्या व्यायामाची भरपाई म्हणून दुप्पट करू नका. ताप येऊन गेला असेल तर उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त ठरल्या वेळी उठून उजेडात बसायचं, मग चालणं, आणि अंगात त्राण आलं की उठाबशा, आधीच्या निम्म्या.