एअर रायफलला मानवणारे छरे कसे शोधावेत

परदेशी व्हिडिओ बघून रेंजवर आलेला पोरगा एकदा तरी विचारतोच, "दादा, काडतुसं आपल्याला घरी भरता येतील का?" तिकडचे शिकारी पितळी खोळ साफ करतात, नवी टोपी बसवतात, बंदुकीची दारू काट्यावर तोलतात, गोळी मोजून दाबतात आणि आपल्या एकाच रायफलला मानवेल असं काडतूस तयार करतात. पाहायला भारी वाटतं. पण परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकारही उरलेली नाही, आणि मुंबईतल्या वनरूम किचनमध्ये दारू ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ. त्या खटाटोपातली खरी गंमत मात्र आपल्यालाही मिळू शकते. आपल्या नळीला नेमकं काय रुचतं, हे १० मीटर एअर रायफलमध्येही, म्हणजे हवेच्या दाबाने शिशाचा छरा मारणाऱ्या रायफलमध्येही, शोधावंच लागतं. फक्त छरा घरी बनवायचा नसतो, निवडायचा असतो.

आधी थोडा हिशेब. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अवघ्या ०.५ मिमीचं. छरा ४.५ मिमीचा. म्हणजे छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला, तर कडेने का होईना, दहा लागतो. पनवेलला अकादमी चालवणाऱ्या नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० केले, तेव्हा असा कडेचा दहाही पूर्ण दहाच होता. २०१३ पासून एअर रायफलच्या प्राथमिक फेरीतही दशांश मोजतात, अगदी मध्यावरच्या शॉटला १०.९. दर पाव मिमीला ०.१ गुण जातो. छऱ्याची निवड आता आधीपेक्षा जास्त बोचते ती यामुळे.

तरीही, ६० शॉट्समध्ये दशांश धरून तुमचे ६०० होत नसतील तर हा लेख बाजूला ठेवा. क्लब देईल ते छरे वापरा आणि उभं राहण्याचा, ट्रिगरचा सराव करा. चाचणीला बसायचं ते स्वतःची रायफल असेल तेव्हाच. क्लबच्या रायफलसाठी छरे शोधणं म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर बसवणं.

आता खरेदी. सपाट तोंडाचेच मॅच छरे घ्यायचे. टोकदार किंवा गोल डोक्याचे कागदावर स्वच्छ भोक पाडत नाहीत. वजन साधारण ०.५३ ग्रॅम. ०.४९ ग्रॅमचे हलके छरे बहुतेक पिस्तूलवाले वापरतात, पण एखाद्या रायफललाही ते आवडून जातात. डब्यावर आणखी एक आकडा असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. तो छऱ्याच्या डोक्याचा व्यास. एका मिमीच्या शंभराव्या भागाने काय होतंय, असं मलाही वाटायचं. डोकं नळीतल्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, कसं बसतं ते त्यावर ठरतं, आणि दोन सारख्या मॉडेलच्या रायफलींनाही वेगवेगळे आकडे लागतात. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी यांपैकी दोन कंपन्यांचे दोन-तीन आकडे पुरेत. पाचशेचे पूर्ण डबे लगेच घेऊ नका. सरावातल्या चार जणांकडून पन्नास-पन्नास मागून आणा, फक्त प्रत्येक डब्याचा लॉट नंबर, म्हणजे छरे कुठल्या खेपेत बनले तो नंबर, लिहून घ्या.

चाचणी खांद्यावर घेऊन करायची नाही. हात हलला की छरा चुकला, हे कळायला मार्ग राहत नाही. रेंजवर वाइस, म्हणजे रायफल घट्ट धरणारा शिकंजा, असेल तर तिथल्या जाणकाराकडून रायफल त्यात बसवून घ्या. पकड बॉडीला द्यायची, नळीला नाही. वाइसमध्ये असली तरी ती रायफलच आहे: तोंड लक्ष्याकडेच, भरणारा एकच माणूस, आणि कोणी पुढे जाणार असेल तर आधी नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब सुरुवातीलाच बघून घ्या. अर्ध्यात हवा कमी पडली तर सगळी दुपार वाया.

छऱ्याचा प्रकार बदललात की पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत. नळीच्या आत शिशाचा पातळ थर असतो, तो नव्या छऱ्याशी जुळायला वेळ लागतो. घाईची माणसं नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग चांगल्या लॉटला नावं ठेवतात. त्यानंतर एका लक्ष्यावर दहा शॉट, हा झाला एक ग्रुप. मध्यावर लागतात की नाही याची चिंता नको, एकमेकांच्या किती जवळ आहेत तेवढं पाहायचं. भोकाची रुंदी बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत कॅलिपरने मोजा, त्यातून ४.५ वजा करा आणि उरलेल्याचं अर्धं करा. एका छऱ्याच्या भोकाची रुंदी ६ मिमी आणि दुसऱ्याची ७.५ मिमी आली, तर ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर ०.७५ आणि १.५ मिमी पडतं. म्हणजे कडेच्या शॉटला एकीकडे १०.७, दुसरीकडे १०.४. प्रत्येक प्रकाराचे निदान तीन ग्रुप घ्या. एका ग्रुपवर निकाल देऊ नका. पहिला सुंदर ग्रुप निव्वळ नशिबाचा असतो, हे मी दोन महागडे डबे घेतल्यावर शिकलो. शेवटी जिंकला तो त्यांच्याहून स्वस्त डबा.

वजन करावं का? मिलिग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा असेल तर करा, मन शांत होतं. पण १० मीटरवर दोन मिलिग्रॅमच्या फरकापेक्षा छऱ्याच्या मागचा चेपलेला घेर जास्त नुकसान करतो. छऱ्याची मागची बाजू पोकळ आणि नाजूक असते. एकदा दादरला गर्दीत चढताना माझ्या बॅगेतला डबा उघडला आणि दोनशेएक छरे वहीच्या पानांत चेंगरले. तेव्हापासून डब्यात झाकणाखाली स्पंजचा तुकडा, आणि डबा बॅगेत अगदी मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून. भरण्याआधी प्रत्येक छरा उजेडात फिरवून बघा. घेर वाकडा दिसला तर तो सरावाला.

पावसाळ्याची वेगळी काळजी. मुंबईच्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि लाकडी कपाटात ती लवकर धरते, कारण लाकडातून आम्लाची वाफ सुटते. प्लास्टिकचा हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. भुकटी धरलेले छरे पुसून वापरू नका, टाका, पण नेहमीच्या कचऱ्यात नाही. रेंजवर जिथे वापरलेलं शिसं गोळा करतात तिथे द्या. शिसं पोटात जाऊ नये म्हणून वडापावला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, आणि छरे ओठात धरायची सवय असेल तर आजच मोडा.

लॉट ठरला की त्याच नंबरचे परवडतील तितके डबे एकदम घ्या. पुढच्या खेपेला नाव तेच, आकडा तोच, पण लॉट दुसरा असतो, आणि मग पुन्हा वाइसपासून सुरुवात. मी प्रत्येक झाकणावर मार्करने तीन गोष्टी लिहितो: रायफल, ग्रुपची रुंदी, तारीख.