जुन्या टोयोटा पिकअपला पुढे सॉलिड ॲक्सल टाकायचाय? आधी टायर ठरवा, उंची मागून येते

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे आता जुनी टोयोटा पिकअप आलीय, बाकी जगात जिला हायलक्स म्हणतात तीच, आणि पहिला प्रश्न हमखास येतो की "किती इंच लिफ्ट करू?" माझं ठाम मत आहे की सुरुवात तिथून करूच नका. आधी टायर ठरवा, टायरवरून गिअर रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्टला किती फेरे लागतात), मग ॲक्सल, स्टेअरिंग, कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे झुकाव), आणि हे सगळं बसल्यावर जेवढी उंची लागते तेवढीच द्या. उलट्या क्रमाने गेलात तर गाडी दिसायला भारी दिसेल पण हायवेला ६० मैलांवर दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागेल.

थोडी माहिती आधी. १९७९ ते १९८५ च्या फोर बाय फोर पिकअपला पुढे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड ॲक्सल, आणि पाटे (लीफ स्प्रिंग) होते. १९८६ पासून १९९५ पर्यंत पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं, पिळ खाणाऱ्या टॉर्शन बारच्या स्प्रिंगवालं. रस्त्यावर ते आरामदायक आहे, वादच नाही, पण कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या दगडांत चाक वरखाली व्हायला जागा कमी पडते आणि मोठे टायर लावले की चाकाला ताकद पोचवणारे नाजूक सीव्ही जॉइंट तुटायला लागतात. म्हणून लोक ८६ नंतरच्या गाडीत ८५ पर्यंतचा ॲक्सल टाकतात. सोयीची गोष्ट म्हणजे दोन्हीत पुढच्या डिफरन्शियलची (डिफ, ॲक्सलमधला गिअरचा गोळा) बाजू एकच, पॅसेंजर साइड, त्यामुळे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरबॉक्स) बदलावी लागत नाही. नंतरच्या टॅकोमाला डिफ ड्रायव्हर साइडला गेला, तिथे हे गणित जुळत नाही.

आणि पुण्या-नाशिककडून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. तेव्हा रजिस्टर्ड गाडीवर हे करायच्या आधी आरटीओचं काय ते बघा. अमेरिकेत उंचीचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, आपल्या राज्याचे वाचून घ्या.

आता टायर. समजा ३३ इंची लावायचेत. मूळ टायर २२५/७५ आर १५ म्हणजे साधारण २८.३ इंच, डिफमधला मूळ गिअर रेशो ४.१०. ३३ ला २८.३ ने भागा, ४.१० ने गुणा, ४.७८ येतं, म्हणजे बाजारात मिळणारा ४.८८ घ्यायचा. ३५ टायरला हेच गणित ५.०७ येतं, तिथे ५.२९. या गाड्यांतलं बावीस-आर-ई (22R-E) इंजिन २.४ लिटरचं आहे, ताकद ११६ हॉर्सपॉवरच्या आसपास, त्यामुळे गिअर न बदलता मोठे टायर लावले तर चढावर पाचवा गिअर विसरा आणि क्लच लवकर खलास. पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे हे सांगायची गरज नसावी तरी सांगतो, वेगळा असला तर फोर व्हील लावताच कोरड्या रस्त्यावर काहीतरी मोडणारच. सॉलिड ॲक्सलच्या पुढच्या डिफमधला मोठा गिअर ८ इंची आहे, इंडिपेंडंटवाला ७.५ होता, म्हणजे मजबुतीही वाढते.

जंकयार्डमधून ॲक्सल घेताना नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) उघडून बघा. आतलं सील गेलं असेल तर गिअर ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीसमध्ये मिसळलेलं असतं, काळं पातळ रबरबीत काहीतरी गळताना दिसेल. त्याने घाबरू नका, ओव्हरहॉल तर करायचाच आहे, पण त्या निमित्ताने किंमत पाडून मागा. हाउसिंग वाकलेलं असेल तर मात्र सरळ सोडून द्या. आणि हा ॲक्सल ८६ नंतरच्या मागच्या ॲक्सलपेक्षा साधारण ३ इंचांनी अरुंद असतो, तसाच बसवला तर मागची चाकं दोन्हीकडून दीड दीड इंच बाहेर दिसतील. उपाय दोन, चांगल्या क्वालिटीचे दीड इंची व्हील स्पेसर किंवा इंडिपेंडंट गाडीचेच हब या ॲक्सलवर चढवणं. मला दुसरा जास्त पटतो, जोडकाम कमी राहतं.

ओव्हरहॉलला ५४ एमएमचा सॉकेट लागतो, हबच्या नटसाठी, आधीच मागवून ठेवा. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त अडवतात ते कोन वॉशर. स्टेअरिंग आर्मचे नट काढले तरी आर्म हलत नाही, कारण प्रत्येक स्टडभोवती शंकूच्या आकाराचा चिरलेला वॉशर घट्ट रुतून बसलेला असतो. त्याला पक्कडने ओढू नका, स्क्रूड्रायव्हर घुसवू नका. नट दोन-चार आटे परत लावा म्हणजे स्टडचे आटे वाचतात, पितळी ड्रिफ्ट ठेवून आर्मला बाजूने चांगले दणके द्या, वॉशर टप्पकन सुटतो. बसवताना नकलच्या बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा दाब) शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी जुळवायचा, ग्रीस आणि सील न लावता स्प्रिंग काटा स्टेअरिंग आर्मच्या टोकाला अडकवून ओढा, नकल हलायला ३ ते ६ किलोच्या दरम्यान जोर लागला पाहिजे. सैल राहिलं तर पुढे स्टेअरिंग थरथरणार ते नक्की.

मग जुनं सस्पेन्शन कापणं. आर्मचे ब्रॅकेट, टॉर्शन बारचा क्रॉसमेंबर, सगळं चासीपासून कापून ग्राइंडरने सपाट करायचं. वेळ लागतो, करून टाका, यात सांगण्यासारखं फार नाही. फक्त बॅटरीच्या वायरी काढा, फ्युएल लाइन आणि ब्रेक लाइन बाजूला बांधा, गाडी जॅकवर नाही तर जाड स्टँडवर उभी करा. वेल्डिंग स्वतःला खात्रीने येत नसेल तर पुढच्या पायरीपासून वेल्डर बोलवा, स्टेअरिंग आणि सस्पेन्शनचं वेल्डिंग शिकायची ही जागा नाही.

पाट्यांचे हँगर लावले, ॲक्सल खाली सरकवला की आता येतो खरा विषय, कॅस्टर. नकलचा वरचा टोक मागे झुकलेला पाहिजे, ३ अंशांच्या आसपास किंवा थोडा जास्त, त्यामुळेच वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. गाडी उचलली की पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, मग लोकं पिनियन (शाफ्ट जिथे डिफला जोडतो ते टोक) वर उचलतात म्हणजे शाफ्टच्या क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंटवर) ताण कमी येईल, पण अख्खं हाउसिंग एकत्रच फिरतं, पिनियन वर गेला की नकलचा माथा पुढे येतो आणि कॅस्टर गेला. दोन्हीपैकी एक निवडायची वेळ आली तर कॅस्टर निवडा, कारण लॉकिंग हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे हब) फ्री ठेवले की हायवेला पुढचा शाफ्ट फिरतच नाही, तो कामाला लागतो फक्त ट्रेलवर आणि तिथे वेग कमी असतो. दोन्ही हवंच असेल तर हाउसिंगच्या टोकाचे नकलचे गोळे कापून फिरवून पुन्हा वेल्ड करतात, ते काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या. पाट्याचे पर्च (ॲक्सलवरच्या पाटे टेकायच्या बैठका) आधी नुसते टाचून घ्या, मग चाकं लावून गाडीचं पूर्ण वजन खाली सोडा, इंजिन, बॅटरी, पुढे विंच लावणार असाल तर तोही, आणि मग अँगल गेज ठेवून मोजा. हवेत लटकलेल्या ॲक्सलवर मोजलेल्या कॅस्टरला काही अर्थ नाही. फायनल वेल्डिंग थोडं थोडं, बाजू बदलत करा, एका दमात केलं तर ट्यूब वाकते.

स्टेअरिंगसाठी गाडीतला मूळ बॉक्स ठेवा, त्याचा आर्म डावीउजवीकडे फिरतो म्हणून क्रॉसओव्हरला, म्हणजे ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) गाडीच्या आडवी जाते त्या स्टेअरिंगला, तोच लागतो. तो चासीवर पुढे सरकवून लावायचा, आणि तिथे चासीला जाड प्लेट आणि बोल्टसाठी आरपार स्लीव्ह वेल्ड करायचेच, नुसत्या पातळ चासीवर बोल्ट आवळले तर काही दिवसांनी तिथेच चीर पडते. नकलच्या वर हाय-स्टीअर आर्म बसतात, दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड पाट्यांच्या वरून जातो आणि ड्रॅग लिंक पॅसेंजर साइडच्या आर्मला. ड्रॅग लिंक जेवढी आडवी ठेवता येईल तेवढी ठेवा, तिरकी राहिली की खड्ड्यात चाक उचललं तरी स्टेअरिंग हातात फिरतं. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली, साधारण ३ एमएम.

आता उंची. ३३ टायरला ३ ते ४ इंच पुरतात, ३५ ला ५ च्या आसपास आणि फेंडर थोडा कापायची तयारी. त्यापुढे जाऊ नका असंच मी म्हणेन, प्रत्येक जादा इंचाला शाफ्टचा कोन, ब्रेकचे पाइप, शॉक्स सगळं परत बदलावं लागतं. मागे उंचीसाठी पाटेच बदला, पाटे आणि ॲक्सलमध्ये ठोकळे (ब्लॉक) एकावर एक चढवू नका. पाटे ॲक्सलला आवळणारे युबोल्ट नवीनच घ्यायचे, एकदा ताणलेला युबोल्ट परत वापरायचा नाही. ड्राइव्हशाफ्टचा स्लिप (लांबी कमीजास्त होणारा सरकता जोड) दोन्ही टोकांना तपासा, ॲक्सल पूर्ण लटकल्यावर निसटायला नको आणि पूर्ण दाबल्यावर तळाला टेकायला नको.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला एक दांडी जाते, लोडप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारी. गाडी मागून उचलली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. जेवढे इंच उचलली तेवढाच ब्रॅकेट दांडीच्या ॲक्सलकडच्या टोकाला वर करा, मग ब्रेक ब्लीड करा, म्हणजे पाइपातली हवा काढा. पुढचे ब्रेक होज लांब घ्या आणि डिफचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचा) पाइप वर इंजिनबेपर्यंत न्या, नाहीतर पाण्यातून जाताना गरम डिफ पाणी आत ओढून घेतो.

रस्त्यावर काढायच्या आधी पुढचा ॲक्सल एका बाजूने पूर्ण दाबा, दुसऱ्या बाजूने लटकवा, आणि त्या अवस्थेत स्टेअरिंग डावं-उजवं शेवटपर्यंत फिरवून कोणाला तरी खाली बघायला सांगा, होज ताणतोय का, टायर पाट्याला घासतोय का, ड्रॅग लिंक कुठे अडतेय का. ठीक असेल तर पहिले शंभर मैल गावातच फिरवा आणि मग युबोल्ट, हँगरचे बोल्ट, स्टेअरिंग आर्मचे नट टॉर्क रेंच लावून पुन्हा आवळा. युबोल्ट जवळपास नक्कीच थोडे सैल झालेले सापडतील, नवीन पाटे बसायला तेवढा वेळ घेतातच.